चहा गरमच गाळतात ना?

मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'पोरस सिरॅमिक' हा शब्द झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण त्याला मराठीत काय म्हणतात हे मला आईला विचारावं लागलं. आई पटकन म्हणाली, "माठ." मी म्हटलं, अगं तसं नाही, टेक्निकल शब्द हवाय. तर म्हणते, "माठ पाझरतो की नाही? मग झालं तर!" पुढे शब्दकोशात 'सच्छिद्र' सापडला, पण आईचंच उत्तर जास्त बरोबर होतं असं आता वाटतं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा बघा.

मुद्दा एका वाक्यात सांगते. आपण धूर आधी थंड करतो आणि मग साफ करतो, ही सवय चुकीची आहे. जिथे जमेल तिथे तो गरम असतानाच गाळला पाहिजे. हॉस्टेलच्या मेसमध्ये चहा कसा गाळतात ते रोज सकाळी सगळे बघता. उकळता चहा सरळ गाळणीतून किटलीत. आधी थंड करा, मग गाळा, मग परत तापवा असं कुणी केलं तर त्याला आपण वेड्यात काढू. पण कारखान्यांत नेमकं हेच चालतं, आणि आपण सेमिनारमध्ये त्याच्या आकृत्या काढून मार्क मिळवतो.

आता हे माझ्या डोक्यात कुठून आलं? पुस्तकातून नाही, घरातून. आम्ही भाईंदर पूर्वेचे. बाहेरगावाहून आलेल्या हॉस्टेलवाल्यांना भाईंदर म्हणजे लोकलमधली गर्दी एवढंच माहीत असतं, पण तुमच्या मेसमधलं ताट, वाटी, पाण्याचा जग, ह्यांतलं काहीतरी नक्की आमच्या भागातल्या एखाद्या गाळ्यात घडलेलं असणार. स्टीलची भांडी हा इथला जुना धंदा. बाबा अशाच एका गाळ्यात सुपरवायझर आहेत. पत्र्याची चकती प्रेसमध्ये खेचून डबा केला की स्टील कडक होतं, पुढे ओढलं तर फाटतं. म्हणून त्याला भट्टीत हजार-अकराशे डिग्रीपर्यंत तापवून मऊ करावं लागतं. आपल्या मटेरियल्सच्या पेपरात ह्याला अॅनीलिंग म्हणतात, बाबांच्या गाळ्यात नुसतं 'भट्टी मारणं' म्हणतात. भट्टी तेलावरची. धूर काळा, आणि शेजारी चाळ.

चाळीतल्या लोकांनी तक्रार केली. बरोबरच केली, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. नोटीस आली. मग शेठनी कर्ज काढून बॅग फिल्टर बसवला. बॅग फिल्टर म्हणजे मोठ्या पेटीत लटकवलेल्या कापडाच्या लांब पिशव्या. हवा कापडातून जाते, धूळ बाहेर राहते. आपल्या आज्या औषधाची पूड वस्त्रगाळ करायच्या, तेच तत्त्व. पण साधं पॉलिएस्टरचं कापड १३० ते १५० डिग्रीच्या वर टिकत नाही. काचेच्या धाग्याचं कापड २६० पर्यंत जातं, पण ते महाग. शेठनी पॉलिएस्टर घेतलं. दीड महिन्यात पिशव्यांची चाळणी झाली.

मग सल्ला मिळाला की धुरात बाहेरची थंड हवा मिसळा. ऐकायला सोपं आहे. मी घरी बसून गणित केलं, तुम्हीही करून बघा. समजा धूर ४०० डिग्रीचा आहे, बाहेरची हवा ३० ची, आणि मिश्रण १२० ला आणायचं आहे. एक किलो धुराला साधारण तीन किलोच्या वर हवा लागते. म्हणजे आधी जेवढा धूर होता त्याच्या चौपट वजनाची हवा आता फिल्टरमधून ओढायची. थंड झाल्यामुळे ती आकसते हे धरलं तरी आकारमान जवळजवळ अडीचपट होतं. फिल्टर मोठा, पंखा मोठा, विजेचं बिल मोठं. आणि एवढं करून धुरातली उष्णता, जिच्यासाठी तेल जाळलं, ती हवेत गेली.

ते परवडेना, तेव्हा पाण्याचा फवारा आला. धूर पाण्याने धुवायचा. चिमणीतून पांढरी वाफ निघायला लागली, शेजारी खूश, सगळे खूश. एक दिवस बाबांचा डबा द्यायला गेले तर गाळ्याच्या मागच्या गटारात काळं पाणी वाहताना दिसलं. भट्टीवरच्या चाचांना विचारलं, हे कुठे जातं? ते म्हणाले, "बेटा, खाडी में. और कहाँ जाएगा?"

मित्रमैत्रिणींनो, माझा सगळा लेख ह्या एका उत्तरातून निघालेला आहे. आपल्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, मध्ये मिठागरं आणि खारफुटी. उत्तनला आजही बोंबील वाळत घातलेले दिसतात. आपण हवेतली काजळी काढून पाण्यात टाकली आणि त्याला 'प्रदूषण नियंत्रण' हे नाव दिलं.

हे फक्त आमच्या एका गाळ्याचं रडगाणं नाही. गुजरातमधलं मोरबी सगळ्यांना माहीत आहे, आपल्या बाथरूमच्या टाइल्स तिथून येतात. तिथे टाइल्सच्या भट्ट्यांसाठी कोळशापासून गॅस बनवणारे गॅसिफायर होते. तो गॅस थंड करून धुताना डांबरासारखं टार आणि विषारी पाणी निघायचं, आणि ते पाणी उघड्यावर सोडलं जातं अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. शेवटी मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हे कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले आणि कारखान्यांना नैसर्गिक वायूकडे वळावं लागलं. गंमत बघा, भाजलेल्या मातीचा एवढा मोठा धंदा जिथे चालतो तिथेच गॅसच्या घाणीचा प्रश्न सुटला नाही. आणि गरम वायू गाळायचा सगळ्यात चांगला उपाय भाजलेल्या मातीच्याच घराण्यातला आहे!

आता त्या उपायाकडे येते. आपल्या बहुतेकांच्या घरी, निदान आजीच्या घरी, स्टीलचा दोन मजली पाण्याचा फिल्टर असतो. वरच्या डब्यात पांढऱ्या कँडल. रविवारी त्या काढून ब्रशने घासायचं काम घरातल्या धाकट्याकडे. ती कँडल म्हणजे सच्छिद्र सिरॅमिक. पाणी भिंतीतून आत झिरपतं, गाळ बाहेर राहतो. गरम वायू गाळायला जी वस्तू वापरतात तिलाही कँडलच म्हणतात. फक्त ती साधारण दीड मीटर लांब आणि मनगटापेक्षा थोडी जाड असते, आणि सिलिकॉन कार्बाइडची किंवा अॅल्युमिना-सिलिकाच्या तंतूंची बनवलेली असते. एक टोक बंद, एक उघडं. शेकडो कँडल एका पेटीत लटकवतात. धूर बाहेरून आत जातो, राख बाहेरच्या अंगाला थर धरते. थर जाड झाला की आतून दाबाच्या हवेचा एक झटका देतात आणि थर खाली पडतो. सातशे-आठशे डिग्रीला हे सगळं चालू शकतं. पाणी नाही, काळं गटार नाही. खाली पडते ती कोरडी राख, जी गोणीत भरून मोजता येते.

एक गोष्ट मला सरांनी समजावली तेव्हा फार आवडली. कँडलची भोकं राखेच्या कणांपेक्षा मोठी असली तरी चालतं. पहिल्या काही मिनिटांत राखेचा पातळ थर बसतो आणि पुढचं गाळायचं काम तो थरच करतो. म्हणून आधुनिक कँडलमध्ये आतली भिंत जाड, मोठ्या भोकांची आणि ताकद देणारी असते, आणि बाहेरून बारीक भोकांचं पातळ कातडं चढवतात. ह्या कातड्यालाच मेम्ब्रेन म्हणतात. सगळं गाळायचं ह्या अर्ध्या मिलीमीटरहून पातळ थरात, बाकीची भिंत नुसती आधाराला.

"हे सगळं पेपरवर ठीक आहे," असं म्हणणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत, म्हणून पुरावे देते. पहिला पुरावा पार्किंगमध्ये उभा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्याच्या नळ्या एकाआड एक बुजवलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. काजळी साठली की सहाशे डिग्रीच्या आसपास ती तिथेच जाळून टाकतात. असा फिल्टर नेहमीच्या उत्पादनातल्या कारमध्ये पहिल्यांदा आला तो प्युजो कंपनीच्या ६०७ मध्ये, २००० साली. दुसरा पुरावा नेदरलँड्समधला. बुगेनुम इथलं कोळशाच्या गॅसवरचं वीजकेंद्र १९९४ च्या सुमारास सुरू झालं आणि २०१३ मध्ये बंद पडलं. तिथे गॅसमधली राख सिरॅमिक कँडलनी गाळत. आपल्याकडे 'भेल'ने तिरुचिरापल्लीला ६.२ मेगावॉटचा कोळशाच्या गॅसवरचा प्रायोगिक वीजप्रकल्प उभारला होता. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख. म्हणजे गरम गॅस गाळायचं कोडं जगात सगळ्यात जास्त गरजेचं कुणाला असेल तर आपल्याला.

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर हा लेख एखाद्या कंपनीच्या ब्रोशरसारखा वाटेल.

पहिलं, सिरॅमिक ठिसूळ. कपबशी पडली की काय होतं ते माहीत आहेच. अमेरिकेत ओहायोमधल्या टिड वीजकेंद्रात १९९० च्या दशकात ह्या कँडलची मोठी चाचणी झाली. तिथे दोन कँडलच्या मध्ये राखेचे पूल बांधले गेले आणि त्या दाबाने कँडल मोडल्या. एक कँडल मोडली की बाकीच्यांची मेहनत फुकट, कारण सगळी धूळ त्या वाटेने पळते. दुसरं, गरम वायू फुगलेला असतो आणि वर जास्त चिकट. द्रव तापला की पातळ होतो, वायू तापला की त्याची चिकटाई वाढते. (व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो, लिहून ठेवा!) म्हणून तेवढ्याच धुराला जास्त कँडल लागतात. तिसरं, कँडल धूळ थांबवते, वायू थांबवत नाही. तेलातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड सरळ आरपार जातो. त्यासाठी धुरात चुन्याची पूड सोडावी लागते, ती कँडलवर थर धरते आणि गंधक पकडते. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी कँडलच्या भिंतीत उत्प्रेरक भरून वर अमोनिया सोडावा लागतो. चौथं, किंमत. पॉलिएस्टरच्या पिशवीशी तिची तुलनाच नाही.

पण थंड करण्याचाही खर्च असतो, फक्त तो कोटेशनमध्ये दिसत नाही. गंधक असलेला धूर साधारण १२० ते १५० डिग्रीच्या खाली गेला की त्यातून गंधकाम्ल पत्र्यावर सुटतं आणि डक्ट सडतो. आमच्या ओळखीच्या त्याच गाळ्यात दोन वर्षांत डक्टला हात घातला तर बोट आत जायचं. आणि धूर गरम असतानाच साफ झाला तर त्याच उष्णतेवर भट्टीत जाणारी हवा आधी तापवता येते. काजळी नसल्यामुळे हीट एक्स्चेंजरच्या नळ्या तुंबत नाहीत. तेल वाचतं. शेठला पर्यावरण समजावून सांगायला गेलात तर तो घड्याळ बघेल. तेल वाचतं म्हणा, तो चहा मागवेल.

ह्याच विषयाचं एक पुढचं टोकही आहे. भोकं आणखी बारीक करत गेलात तर धूळ गाळणारी चाळणी एक दिवस वायूच वेगवेगळे करायला लागते. बारावीतला ग्रॅहमचा नियम आठवा. थॉमस ग्रॅहमने १८३३ मध्ये तो मांडला, आणि त्याच्या प्रयोगात नळीच्या तोंडाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा सच्छिद्र बूच होता. हलका वायू लवकर निसटतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये हा फरक जवळजवळ ४.७ पट. युरेनियमच्या दोन समस्थानिकांच्या हेक्साफ्लोराइडमध्ये मात्र फक्त १.००४३ पट, म्हणून फ्रान्समधल्या त्रिकास्तँच्या कारखान्यात हजारावर टप्पे लावावे लागले. तो कारखाना १९७९ पासून २०१२ पर्यंत चालला. पुढे दूध आणि फळांचे रस गाळायला आलेल्या सिरॅमिक मेम्ब्रेनचं मूळ ह्याच अणुकार्यक्रमात आहे. आज सच्छिद्र सिरॅमिकवर पॅलेडियमचा पातळ मुलामा देऊन चारशे-पाचशे डिग्रीला फक्त हायड्रोजन पलीकडे सोडणारी मेम्ब्रेन बनतात. ज्यांना 'ग्रीन एनर्जी'त करिअर करायचंय त्यांनी इकडे लक्ष द्यावं. पण माझं म्हणणं असं की हायड्रोजनपर्यंत पोचायच्या आधी काजळी तरी गाळायला शिकूया.

कुणी म्हणेल, फिल्टर कशाला, इंधनच बदला. पूर्ण मान्य. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळा असं सांगितलं, ते योग्यच झालं. जिथे गॅस किंवा वीज परवडते तिथे आधी तेच. पण लाकडावरच्या चिता आहेत, कचरा जाळायच्या भट्ट्या आहेत, भंगार वितळवणारे आहेत. तिथे जळते ती वस्तूच घाणेरडा धूर देते, इंधन बदलून पूर्ण सुटका नाही. आणि अनेक शहरांत चितेवर हूड बसवून धूर पाण्यानेच धुतात. पुन्हा तेच काळं पाणी, पुन्हा तोच प्रश्न : कुठे जातं?

बाबांच्या गाळ्याचं पुढे काय झालं? दुसरी नोटीस आली आणि शेठनी भट्टी खाडीपलीकडे हलवली. बाबा आता रोज भाईंदरच्या पुलावरून उलट्या दिशेची लोकल पकडतात, आणि चाचा गावी गेले ते परत आलेच नाहीत. आमच्या चाळीतले कपडे स्वच्छ वाळतात. पलीकडच्या कुणाच्या तरी दोरीवर आता काजळी बसत असणार. धुराने फक्त पत्ता बदलला. शेठ वाईट माणूस नाही, त्याने तीनदा पैसे खर्च केले. त्याला तिन्ही वेळा कुणी इंजिनियरने सांगितलं नाही की बाबा रे, आधी धुराचं तापमान मोज. ही चूक त्याची कमी आणि आपल्या जमातीची जास्त.

म्हणून माझी सूचना मोठी नाही, अगदी छोटी आहे. आपल्या लॅबमध्ये मफल फर्नेस आहे. वर्षातले दहा महिने तिच्यावर जर्नल्सचे गठ्ठे ठेवलेले असतात. मातीत लाकडाचा भुसा मिसळून भाजलं की भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी भोकं राहतात. भुवनेश्वरच्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळेने लाल माती, वाळू आणि भुशापासून 'टेराफिल' नावाचा पाण्याचा फिल्टर ह्याच युक्तीने बनवला. आपण त्याच वाटेने वीतभर कँडल बनवून बघू. भुशाचं प्रमाण बदलून हवा किती जाते ते मोजू, गरम करून एकदम गार केल्यावर तडकते का ते बघू. मातीची कँडल सिलिकॉन कार्बाइडची बरोबरी करणार नाही, हे मलाही कळतं. पण कुठे आणि का मोडली हे मोजून लिहिलं तरी ते खरं काम होईल. मग एखाद्या भट्टीवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या डक्टला एक बारीक नळी जोडू आणि धुराचं तापमान, आधीची धूळ, नंतरची धूळ, एवढे तीन आकडे घेऊ. दरवर्षी सीनियर्सच्या ब्लॅक बुकची कव्हरं बदलून जे प्रोजेक्ट जमा होतात त्यांच्यापेक्षा हे वाईट नक्कीच नसेल.

स्टाफला विनंती एवढीच, की फर्नेसची किल्ली द्या, आणि प्रयोग फसला तर मार्क कापू नका. हॉस्टेलवाल्यांना विनंती, तुमच्या गावाकडे वीटभट्टी, गुऱ्हाळ, काजूची भट्टी, कुंभारवाडा काहीतरी असेलच. दिवाळीच्या सुट्टीत जाल तेव्हा धूर बघून नाक मुरडू नका, जवळ जाऊन विचारा : किती गरम आहे, आणि धुतलेलं पाणी कुठे जातं?

मी मे महिन्यापासून सुरुवात करतेय. भुसा बाजूच्या फर्निचरवाल्याकडून फुकट मिळतो, माती आणायला मात्र दोन माणसं लागतील. ज्यांना यायचंय त्यांनी मेकॅनिकलच्या नोटीस बोर्डाखाली नाव लिहून ठेवा. चहा माझ्याकडून. गरमच गाळलेला!